भाऊ ख्रिस्ती झाला आणि म्हणतो, 'मंडळीतलेच (चर्चमधलेच) माझे सख्खे.' बायबल असं शिकवतं का?

तुम्ही लिहिलंय, धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाला आणि आईच्या आजारपणातही घरी फिरकला नाही. मी भायखळ्यात वाढले, वडील लग्नाआधीच ख्रिस्ती झालेले. त्यामुळे दोन्ही बाजू घरातच पाहिल्यात.

तो कशाचा आधार घेतोय ते कळतं. बायबलमधल्या मार्कच्या पुस्तकात, तिसऱ्या अध्यायात, येशूला निरोप येतो, आई नि भाऊ बाहेर उभे आहेत. तो भोवती बसलेल्यांकडे बघून म्हणतो, देवाच्या इच्छेप्रमाणे वागेल तोच माझा भाऊ, बहीण, आई. वचन कडक आहे, मी ते मऊ करून सांगणार नाही. पण भावाला म्हणावं, चार अध्याय पुढे वाच. 'तुम्हाला द्यायचं ते देवाला वाहिलं' म्हणून आईबापांना टाळणाऱ्यांना येशू तिथे फैलावर घेतो. वधस्तंभावर जीव जातानाही त्याने आईला शिष्याच्या हवाली केलं. आणि बायबलमधलंच एक पत्र, 1 तीमथ्य (5:8), म्हणतं, घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्याहून वाईट.

आता थोडं त्याच्या बाजूने. पूर्वी बाप्तिस्मा घेतला की बहुतेकांचं घर सुटायचंच. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. अशा माणसाला पंगतीत पान, पोरीला स्थळ, मेल्यावर खांदा, सगळं मंडळीकडूनच मिळायचं. (हल्ली नाव विसरलं की 'ब्रदर' म्हणतात, तो भाग वेगळा.) तुमच्या घरात त्याला कुणी काही तोडून बोललं होतं का? राग मानू नका, पण आमच्याकडे बोलले होते.

आत्या वडिलांशी तीसेक वर्षं बोलत नव्हती. ते गेले त्या सकाळी मंडळीच्या महिला मंडळातल्या बायका आल्या. एका मावशींनी मला काही न विचारता वरच्या फळीवरचा चहाचा डबा काढला, इतकं त्यांना आमचं घर पाठ. थोड्या वेळाने आत्या दारात. चपला काढल्या, कुणाकडे बघितलं नाही, पदर खोचून ओट्याशी गेली आणि मावशींनाच विचारलं, "साखर कुठेय?" सख्ख्या बहिणीला भावाच्या घरातली साखर दुसऱ्या बाईला विचारावी लागली. मला तेव्हा वडिलांचाही राग आला होता, खरं सांगते. तीस वर्षांत ते तरी कुठे गेले तिच्याकडे?

शिवडीच्या दफनभूमीत पेटी खाली सोडल्यावर सगळे माती टाकायला लागले. आत्याला रीत ठाऊक नव्हती, ती मागेच उभी. मावशींनी तिला हाताला धरून पुढे आणलं, तिच्या मुठीत माती दिली आणि म्हणाल्या, "आधी तुम्ही."

तुमचा भाऊ तुमचं ऐकत नसेल तर वाद घालू नका. रविवारी उपासना सुटल्यावर त्याच्या पाळकांना (पाद्रींना) गाठा. आईची तब्येत सांगा आणि म्हणा, एकदा आमच्या घरी प्रार्थनेला या, येताना त्यालाही घेऊन या.