टॅरँट्युला कात टाकताना मध्येच अडकला असेल, तर त्याला मदत कशी करावी?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा, की मेक्सिकन रेड-नी जातीचा साधारण चार इंचांचा तुमचा कोळी काल रात्री पाठीवर झाला, पाठीवरचे कवच पूर्ण सुटले, पांढरे विषदंत दिसू लागले, डाव्या बाजूचे पाय बाहेर आले, पण उजवीकडचे तीन पाय सकाळपासून जुन्या कातीतच आहेत आणि त्याची हालचाल मंदावली आहे. अशा वेळी त्याच्यावर पाणी फवारावे, की चिमट्याने कात ओढून काढावी, असे तुम्ही विचारले आहे. यांपैकी काहीही करू नका. मात्र तुमच्या वर्णनावरून तो खरोखरच अडकलेला दिसतो, त्यामुळे नुसते बघत बसण्याची वेळही टळून गेली आहे. मी पशुवैद्य नाही, पण बरीच वर्षे हे कोळी पाळत आलो आहे, आणि पुढे लिहिले आहे ते त्या अनुभवावरून व जाणकार पाळणाऱ्यांमध्ये रूढ असलेल्या पद्धतींवरून लिहिले आहे.

हे उत्तर इतरही वाचतील, म्हणून अडकणे कशाला म्हणायचे ते आधी स्पष्ट करतो. टॅरँट्युला पाठीवर पडून आहे आणि कवच अजून उघडलेलेच नाही, एवढ्यावरून काहीही बिघडले आहे असे समजू नये. मोठे कोळी या अवस्थेत कित्येक तास, क्वचित दिवसभरही पडून राहतात, आणि त्या काळात पेटी हलवणे, झाकण उघडणे किंवा ‘जिवंत आहे का’ हे पाहण्यासाठी त्यांना टोचणे हाच सर्वांत मोठा धोका असतो. मरणारा कोळी सहसा पाठीवर पडत नाही. तो सरळ बसलेल्या स्थितीतच पाय पोटाखाली मुठीसारखे आवळून घेतो. चिंतेची वेळ येते ती कवच उघडल्यानंतर. तेथून पुढचे काम वेगाने होते, आणि चार इंची कोळ्याचे सगळे पाय साधारणपणे एक-दोन तासांत मोकळे होतात. अर्धे पाय बाहेर येऊन काम कित्येक तास थांबले असेल, तर एकीकडे जुनी कात वाळून घट्ट होत असते आणि दुसरीकडे आतली नवी त्वचाही वाकड्या अवस्थेतच कडक होऊ लागलेली असते.

मदत कोठे करायची हे कळण्यासाठी आत काय घडते ते थोडे समजून घ्यावे लागेल. कात टाकण्याच्या पुष्कळ दिवस आधी जुन्या कवचाखाली नवे कवच तयार होऊ लागते आणि दोहोंच्या मध्ये एक द्रव पाझरतो. त्यातील विकरे जुन्या कवचाचा आतला थर विरघळवतात, आणि पुढे नवे पाय जुन्या पायांतून सरकताना हाच द्रव वंगणाचे काम करतो. प्रत्यक्ष कात टाकताना कोळी उदरातील रक्तद्रव दाबाने शरीराच्या पुढच्या भागात ढकलतो, त्या दाबाने पाठीवरचे कवच कडेने उचकटते, उदराची त्वचा बाजूंनी फाटते आणि मग सगळे पाय लयीत, थोडेथोडे करून बाहेर ओढले जातात. कोळ्याच्या पायातील काही मुख्य सांध्यांना पाय सरळ करणारे स्नायूच नसतात. तेथे पाय लांबतो तो रक्तद्रवाच्या दाबाने. म्हणजे शरीरात पाणी कमी पडले, की वंगणही कमी पडते आणि दाबही. अडकलेल्या कातीच्या बहुतेक प्रकरणांत मला हेच मूळ कारण दिसते. बाहेरून फवारलेले पाणी या आतल्या तुटीची भरपाई करू शकत नाही. तुम्हाला फवारू नका असे सांगण्याचे पहिले कारण हे आहे.

दुसरे कारण कोळ्याच्या सध्याच्या स्थितीत आहे. टॅरँट्युलाला फुप्फुसांच्या दोन जोड्या असतात आणि त्यांची तोंडे उदराच्या खालच्या बाजूला, पुढच्या भागात असतात. तो पाठीवर असताना ही बाजू वर येते. चार फिकट चकत्या तुम्हाला आत्ता स्पष्ट दिसत असतील. फवाऱ्याचे पाणी नेमके त्यांच्यावर पडते. पुष्कळ जण पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा थेंब घालायला सांगतात, आणि त्याने कात लवकर भिजते हे खरे आहे. पण साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, आणि जे साधे पाणी थेंबाच्या रूपात त्या फटींवर नुसते बसून राहिले असते, ते आत शिरते. मी त्याऐवजी कोमट पाण्यात थोडेसे ग्लिसरीन मिसळणे पसंत करतो, कारण त्याने कात मऊ होते आणि लवकर पुन्हा वाळत नाही. याबाबत पाळणाऱ्यांमध्ये एकमत नाही, हेही नमूद करतो.

आता प्रत्यक्ष कृती. पंखा किंवा कूलर सुरू असेल तर बंद करा. झाकण हळू उघडा, पेटीत एखादे जिवंत झुरळ किंवा रातकिडा राहिला असेल तर तो सर्वप्रथम बाहेर काढा, कारण हतबल कोळ्याला रातकिडेसुद्धा कुरतडतात. कोळ्याला उचलू नका आणि उलटवू नका. रंगकामाचा बारीक, मऊ कुंचला त्या द्रावणात बुडवून निथळून घ्या आणि फक्त अडकलेल्या तीन पायांच्या जुन्या कातीवर, बुंध्याकडून टोकाकडे, फिरवा. पंधरा-वीस मिनिटे थांबा, पुन्हा फिरवा. फुप्फुसांच्या चकत्यांपासून आणि तोंडापासून द्रव दूर ठेवा. कात मऊ पडली की पुष्कळदा कोळी स्वतःच पुन्हा जोर लावू लागतो, आणि तसे झाले तर तुम्ही करायचे ते एवढेच, की बोथट टोकाच्या चिमट्याने जुन्या कातीचा रिकामा झालेला टोकाकडचा भाग हलकेच धरून ठेवायचा. कात धरायची, कोळी ओढायचा नाही. ओढण्याचे बळ आणि दिशा त्याचीच असू द्यावी. तुम्ही फक्त त्याला रेटा लावण्यासाठी आधार देत असता. या क्षणी त्याची नवी त्वचा इतकी नाजूक असते, की तुम्ही लावलेला थोडासा जोरही सांध्यापाशी त्वचा फाडू शकतो. फाटलेच आणि फिकट निळसर किंवा रंगहीन द्रव बाहेर येऊ लागला, तर त्या जागी चिमूटभर कॉर्नफ्लोअर किंवा बोटाच्या टोकावर मावेल इतके पेट्रोलियम जेली लावून तो थांबवा. कोळ्यासाठी रक्तस्राव हा अडकलेल्या पायापेक्षा फार अधिक गंभीर प्रकार आहे.

तासाभराच्या अशा प्रयत्नांनंतरही पाय निघाले नाहीत तर थांबा. येथे बहुतेक नवे पाळणारे धीर सोडतात, आणि मला वाटते की त्याचे कारण त्यांना पायांचे मोल जास्त वाटते. वास्तविक पाय हा टॅरँट्युलाचा सर्वांत स्वस्त अवयव आहे. तो पाच पायांवर चालतो, खातो, आणि गमावलेले पाय पुढच्या कातींबरोबर, आधी थोडे बारीक व आखूड का होईना, परत येतात. महत्त्वाचे आहे ते तोंड, विषदंत, फुप्फुसे आणि उदर मोकळे झाले आहेत की नाही. बाहेरचे कवच बदलताना कोळी फुप्फुसांचे अस्तर, विषदंतांचे आवरण आणि अन्न शोषून घेणाऱ्या जठराचे अस्तरही बदलतो. यांतील एखादी गोष्ट आत अडकली, तर आठही पाय सुरेख बाहेर येऊनही कोळी वाचणे कठीण असते. तुमच्या वर्णनात कवच पूर्ण सुटले आहे आणि पांढरे विषदंत दिसत आहेत असे आहे. ही चांगली खूण आहे आणि त्यावरून मी आशावादी आहे.

तीनही पाय कातीतच राहिले आणि कोळी तशाच अवस्थेत सरळ झाला, तर त्याला कात ओढत फिरू द्या. आत्ता पाय तोडायला जाऊ नका. शरीर कडक झाल्यावर अनेक कोळी निरुपयोगी पाय स्वतःच टाकून देतात. पाय बुंध्यापाशी एका ठरावीक सांध्यातून सुटतो आणि तेथील स्नायू आवळून जखम जवळजवळ लगेच बंद होते. मऊ अवस्थेत हीच यंत्रणा नीट काम करत नाही, म्हणून घाई घातक ठरते. दोन आठवड्यांनंतरही कातीच्या ओझ्यामुळे त्याला पाण्यापर्यंत पोहोचता येत नसेल, तरच मांडीचा भाग चिमट्याने घट्ट धरून पाय सोडवून घेण्याचा विचार करावा, आणि तोही हे काम आधी केलेल्या माणसाला सोबत घेऊन. त्या वेळी डोळ्यांना चष्मा आणि हातांत मोजे असू द्या, कारण या जातीच्या उदरावरचे खाजरे केस डोळ्यांत गेले तर त्रास बराच काळ पुरतो.

यातून बाहेर पडल्यावर त्याला अन्न नव्हे, पाणी हवे असते. उथळ वाटी काठोकाठ भरून त्याच्याजवळ ठेवा. तो फारच अशक्त असेल, तर एक-दोन दिवसांनी, शरीर थोडे कडक झाल्यावर, त्याला हळूच वाटीच्या काठाशी असे टेकवा, की तोंड पाण्याला लागेल आणि उदर पूर्ण बाहेर राहील. ओल्या टिश्यू पेपरच्या बंद, उबदार डब्यात कोळ्याला ठेवण्याची जुनी पद्धत आजही सर्रास सुचवली जाते. मला ती पटत नाही, कारण कोंदट ओलाव्यात जखमेवर जंतू आणि बुरशी वाढतात, तर कोळ्याला पाणी मिळते ते पिण्यातून. कोकोपीटचा एक कोपरा ओलसर ठेवला आणि हवा खेळती राहिली, की पुरे.

याच मुद्द्यावरून पुढच्या वेळेची तयारी ठरते. पेटीत आर्द्रतामापक लावून त्याचा काटा सांभाळत बसण्यापेक्षा पाण्याची वाटी बाराही महिने भरलेली ठेवणे कितीतरी अधिक उपयोगाचे आहे. ही जात मूळची मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या हालिस्को, कोलिमा, मिचोआकान या भागांतली आहे, आणि तेथे कोरडा ऋतू दीर्घ असतो. कोरडी हवा तिला सहन होते, कोरडे शरीर नाही. (बाजारात ज्यांना स्मिथाय या शास्त्रीय नावाने विकत, त्यांतल्या पुष्कळशा कोळ्यांची जात प्रत्यक्षात हॅमोराय ही जवळची जात असल्याचे 2017 च्या वर्गीकरणानंतर स्पष्ट झाले, संगोपनात मात्र त्याने काही फरक पडत नाही.) कोळ्याने खाणे सोडले, उदरावरची टक्कल पडलेली जागा गुलाबीसर न राहता काळपट झाली आणि रंग मळकट दिसू लागला, की कात जवळ आली असे समजून अन्न देणे बंद करावे आणि पेटीला हात लावू नये. कॅल्शियमची पूड मात्र आणू नका. कोळ्याचे कवच कायटिन आणि प्रथिनांचे असते व प्रथिने एकमेकांत जखडली जाऊन ते कडक होते. कॅल्शियमचा तेथे संबंध नाही.

एक गोष्ट तपासून पाहा. कोळ्याच्या पुढच्या पायांना आकडे आणि तोंडाजवळच्या आखूड पायांच्या टोकांना बोंडासारखे फुगवटे असतील, तर तो पूर्ण वाढ झालेला नर आहे. असे नर सहसा पुन्हा कात टाकत नाहीत; जे टाकू पाहतात, त्यांचे हे फुगवटेच कातीत अडकतात आणि त्यांतले थोडेच जगतात. तसे असेल तर तुमच्या देखभालीत काही उणे राहिले असे मानण्याचे कारण नाही.

कात पूर्ण निघाली की ती फेकू नका. कोमट साबणपाण्यात (आता येथे साबण चालेल) ती मऊ करून उलगडा आणि दोन्ही विषदंतांची आवरणे, फुप्फुसांची चार पांढरी अस्तरे आणि तोंडाच्या मागे लोंबणारे जठराचे अस्तर त्यात आले आहे का, ते बघा. फुप्फुसांच्या पुढच्या जोडीच्या मधोमध वीर्यकोशाची (मादी नराचे वीर्य साठवते त्या पिशवीची) लहानशी घडी दिसली, तर तो नर नसून मादी आहे, हेही याच वेळी कळेल. त्यानंतर विषदंत पांढऱ्याचे लाल आणि लालचे पूर्ण काळे होईपर्यंत थांबा. या आकाराच्या कोळ्याला त्यासाठी दहा-पंधरा दिवस लागू शकतात. पहिले खाद्य लहान आणि मारलेले द्या. एखादा विषदंत वाकडा आला किंवा गळून पडला असेल, तर झुरळ ठेचून त्याचा मऊ, ओला गर उथळ झाकणात तोंडापाशी ठेवा. दोन्ही विषदंत नसलेले कोळीसुद्धा अशा गरावर पुढच्या कातीपर्यंत तग धरतात. फक्त उरलेला गर दुसऱ्या दिवशी न विसरता काढून टाकावा लागतो, नाहीतर त्यावर माश्या आणि किडे जमतात.