‘बस आली आणि चढलो’: इंग्रजी संयुक्त वाक्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी दिंडोरी तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीच्या वर्गांना इंग्रजी शिकवते. मुलांना छोटी वाक्ये बऱ्यापैकी जमतात. मात्र दोन वाक्ये जोडून एक संयुक्त वाक्य लिहायला सांगितले की गोंधळ होतो. इंग्रजीतील ७ समानत्वदर्शक उभयान्वयी अव्यये (‘अँड’, ‘बट’ असे दोन वाक्ये जोडणारे शब्द) मी त्यांच्याकडून पाठ करून घेतली आहेत आणि ती त्यांना घडाघडा म्हणताही येतात. तरीही निबंधात एक तर सगळी वाक्ये तुटक येतात, नाही तर ‘द बस केम अँड गॉट इन’ अशी येतात. माझे कोठे चुकते आहे?
— एक शिक्षिका

उत्तर: आपल्या विद्यार्थ्याचे ‘द बस केम अँड गॉट इन’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या ६ शब्दांतच आहे. त्याच्या मनात ‘बस आली आणि चढलो’ हे मराठी वाक्य होते, आणि मराठी म्हणून ते निर्दोष आहे. ‘चढलो’ या रूपातच ‘मी’ किंवा ‘आम्ही’ दडलेला असतो. तो वेगळा लिहावा लागत नाही आणि बस चढली असे ऐकणाऱ्याला क्षणभरही वाटत नाही. इंग्रजी क्रियापद ही सोय देत नाही. ‘गॉट’ हे रूप मी, तू, ती, आम्ही, ते या सर्वांना सारखेच चालते. त्यामुळे ‘अँड’च्या पुढे कर्ता नसला की वाचणारा मागे वळून कर्ता शोधतो आणि तेथे त्याला बस सापडते. मुलाने ‘अँड’ अगदी योग्य जागी वापरला आहे. त्याच्याकडून राहिला आहे तो एकच शब्द, ‘वुई’.

म्हणून माझी विनंती अशी की काही दिवस ती ७ शब्दांची यादी बाजूला ठेवावी आणि कर्ता शोधण्यापासून सुरुवात करावी. फळ्यावर आधी मराठी वाक्येच लिहावीत: ‘पाऊस आला आणि भिजलो’, ‘शाळा सुटली आणि घरी गेलो’, ‘आईने हाक मारली पण ऐकू आली नाही’. प्रत्येक वाक्याच्या दुसऱ्या भागाखाली रेघ ओढून ‘कोण?’ किंवा ‘काय?’ एवढेच विचारावे. कोण भिजले? कोण गेले? ऐकू काय आली नाही? मुले झटकन उत्तर देतात, कारण मराठी त्यांची आहे. ते उत्तर खडूने दुसऱ्या भागाच्या आरंभी लिहून घ्यावे आणि मगच वाक्य इंग्रजीत न्यावे. आपल्या राज्यात मराठी शाळांमध्ये सन २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, म्हणजे आठवीतील मुलाच्या कानावर ७ वर्षे इंग्रजी पडलेले असते. तरीही दुसऱ्या वाक्याला स्वतःचा कर्ता लागतो, ही गोष्ट त्याला कोणी उघड करून सांगितलेली नसते, कारण शिकवणाऱ्यालाही ती इतकी अंगवळणी पडलेली असते की वेगळी सांगावीशी वाटत नाही.

यानंतर तळहाताची कसोटी शिकवावी. जोडलेल्या वाक्यातील उभयान्वयी अव्ययावर मुलाने तळहात ठेवायचा आणि डावीकडचा व उजवीकडचा भाग वेगवेगळा वाचायचा. ‘द बस केम’ हे एकटे उभे राहते, ‘वुई गॉट इन’ हेही एकटे उभे राहते; म्हणून ते संयुक्त वाक्य. ‘रवी ओपन्ड द बॅग अँड टुक आउट अ बुक’ या वाक्यात उजवीकडे ‘टुक आउट अ बुक’ एवढेच उरते आणि त्याला स्वतःचा कर्ता नाही; म्हणून ते केवल वाक्यच, फक्त एका कर्त्याची दोन क्रियापदे असलेले. हा भेद परीक्षेपुरता नाही. पहिल्या प्रकारात ‘अँड’च्या आधी स्वल्पविराम देतात, दुसऱ्या प्रकारात सहसा देत नाहीत, आणि हा नियम मुलाला तळहाताने आपोआप कळतो. दोन्ही बाजूंची वाक्ये अगदी छोटी असतील तर हा स्वल्पविराम गाळलेलाही चालतो, पण हे सवय पक्की झाल्यावर सांगावे.

अव्यय कोणते निवडायचे, हा शिकवण्याचा सर्वांत रसाळ भाग आहे आणि नेमका तोच पाठांतरात हरवतो. पावसाळ्यात गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की आपण नाशिककर नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कोठपर्यंत पाणी लागले ते पाहतो. तेच वर्गात आणावे. एका कागदी पट्टीवर ‘द रिव्हर रोज’ लिहावे आणि दुसऱ्या पट्टीवर ‘द शॉपकीपर्स मूव्ह्ड देअर गुड्स’. मध्ये कोणता शब्द ठेवायचा? पाणी चढले, परिणामी माल हलवला, म्हणून ‘सो’. आता दुसरी पट्टी बदलून ‘द शॉपकीपर्स डिड नॉट मूव्ह’ अशी ठेवावी. ‘सो’ लगेच खटकतो आणि मुले स्वतःच ‘बट’ मागतात. एका वर्गात मी या दुसऱ्या जोडीत मुद्दाम ‘अँड’ ठेवला होता. मागच्या बाकावरची, एरवी गप्प असणारी एक मुलगी म्हणाली, “सर, मग त्यांना पुराची भीतीच नव्हती असं वाटतं.” अव्यय बदलले की सांगणाऱ्याचे मत बदलते, हे तिला कोणतीही व्याख्या न देता उमगले होते. हा अनुभव प्रत्येक मुलाला मिळावा असे मला मनापासून वाटते.

७ शब्दांपैकी ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’, ‘सो’ हे ४ शब्द आठवीला पुरेसे आहेत. मराठी व्याकरणाच्या तासाला मुलांनी समुच्चयबोधक, न्यूनत्वबोधक, विकल्पबोधक आणि परिणामबोधक असे समानत्वदर्शक अव्ययांचे ४ प्रकार शिकलेले असतात. त्यांतील आणि, पण, किंवा, म्हणून यांच्याशी हे ४ शब्द नेमके जुळतात. मराठीच्या शिक्षकांशी बोलून दोन्ही तास एकाच आठवड्यात घेता आले तर फार उत्तम. ‘येट’ पुढे यावा. ‘नॉर’नंतर साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येते, त्यामुळे तो नववीच्या अखेरीस घ्यावा, आणि कारण सांगणारा ‘फॉर’ हा ग्रंथातला शब्द असल्याने तो वाचनात ओळखता आला तरी पुरे.

दोन सवयींवर मात्र लक्ष ठेवावे लागेल. ‘जरी आजारी होता तरी आला’ यातील ‘जरी-तरी’ची जोडी मुले इंग्रजीत जशीच्या तशी नेतात आणि ‘दो ही वॉज इल, बट ही केम’ असे लिहितात. इंग्रजीत यांतले एकच ठेवायचे: ‘बट’ ठेवला तर संयुक्त वाक्य, ‘दो’ ठेवला तर मिश्र वाक्य. दुसरी सवय स्वल्पविरामाची. ‘पाऊस थांबला, मुले बाहेर पडली’ हे आपल्याला खटकत नाही. पण इंग्रजी लेखनात दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडणे ही चूक धरली जाते. मराठीत विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरूनच आली आणि ती रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. चिन्ह तेच असले तरी दोन्ही भाषांनी त्याला दिलेले काम मात्र सर्वस्वी एक नाही, हे मुलांना सांगितले तर त्यांना आवडते, असा माझा अनुभव आहे.

वह्या तपासताना एका वेळी एकच गोष्ट तपासावी. या महिन्यात फक्त दुसरा कर्ता. स्वल्पविराम पुढच्या महिन्यात. लाल शाईने भरलेले पान पाहून मूल पुन्हा तुटक वाक्यांकडे वळते, कारण तेथे चूक होण्याची भीती कमी असते.

प्रश्न: माझी मुलगी इंग्रजी माध्यमात पाचवीला आहे. आम्ही सिडकोत राहतो. ती निबंध लिहिते तेव्हा पानभर एकच वाक्य असते, ‘अँड’ने जोडलेले. तिला ‘अँड’ वापरूच नकोस असे सांगावे का?
— एक पालक

उत्तर: तसे सांगू नये. गोष्ट सांगताना आपण ‘मग… मग…’ म्हणतो, तसाच हा ‘अँड’ आहे. तिच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे याचीच ती खूण आहे. तिला तिचा निबंध मोठ्याने वाचायला लावावा आणि श्वास घ्यावासा वाटेल तेथे पेन्सिलीने खूण करू द्यावी. त्या खुणांपाशी पूर्णविराम देऊन पाहावा आणि एका वाक्यात फार तर दोनच गोष्टी जोडायच्या असे ठरवावे. मराठीत ‘घरी येऊन, हातपाय धुऊन, जेवून अभ्यासाला बसले’ असे एका दमात म्हणता येते. ही ‘ऊन’ची रूपे इंग्रजीत नसल्यामुळे त्या जागी मुले ‘अँड’ घालत जातात. तिच्याबरोबर बसून ‘यांतली महत्त्वाची गोष्ट कोणती?’ असे विचारले तर हातपाय धुणे बहुधा ती स्वतःच गाळेल.

प्रश्न: मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो आणि रोजचा अहवाल इंग्रजीत लिहितो. ‘बट’ऐवजी ‘हाउएव्हर’ लिहिले तर वाक्य अधिक चांगले होते, असे साहेब सांगतात. मी ‘द मशीन इज ओल्ड, हाउएव्हर इट रन्स वेल’ असे लिहिले, तर तेही चुकीचे म्हणाले.
— एक वाचक

उत्तर: अर्थ जवळपास सारखा असला तरी ‘बट’ हे उभयान्वयी अव्यय आहे आणि ‘हाउएव्हर’ हे क्रियाविशेषण आहे, त्यामुळे दोन वाक्ये सांधण्याचे काम ते एकटे करू शकत नाही. ते काम अर्धविरामाला द्यावे आणि ‘हाउएव्हर’च्या पुढे स्वल्पविराम घालावा: ‘द मशीन इज ओल्ड; हाउएव्हर, इट रन्स वेल’. अर्धविरामाची सवय नसेल तर पूर्णविराम देऊन ‘हाउएव्हर’ने नवे वाक्य सुरू करावे, तेही तितकेच शुद्ध आहे. रोजच्या अहवालासाठी मात्र मी ‘द मशीन इज ओल्ड, बट इट रन्स वेल’ हेच वाक्य निवडीन, कारण पुढच्या पाळीचा माणूस ते यंत्राशेजारी उभ्या उभ्या वाचणार असतो.