‘घोस्ट टाउन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: जगभरातल्या, माणसांनी सोडून दिलेल्या गावांवर आणि शहरांवर मराठीत एक लेखमाला करायची आहे. इंग्रजीत त्या सगळ्यांना सरसकट ‘घोस्ट टाउन’ म्हणतात. मराठीत ‘भूतगाव’ किंवा ‘भुतांचं शहर’ चालेल का? की ‘ओसाड गाव’ म्हणावं? आणि लेखमालेच्या नावासाठी एकच शब्द हवा असेल तर कोणता घ्यावा?

‘भूतगाव’ घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. इंग्रजी शब्दातलं भूत गावात राहायला आलेलं नाही. गावच आपल्या पूर्वीच्या रूपाची सावली होऊन उरलं आहे, असा त्या शब्दाचा रोख आहे. मराठीत भूत म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे झपाटलेला वाडा येतो, अमावस्या येते, आणि गाव का रिकामं झालं हा प्रश्न तिथेच संपतो. जैसलमेरजवळच्या कुलधऱ्याचं नेमकं हेच झालं आहे. पालीवाल ब्राह्मणांचं हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात रिकामं झालं. दिवाण सालिमसिंहाचा जुलूम, एका रात्रीत सोडलेलं गाव आणि जाताना दिलेला शाप ही कथा सगळ्यांना ठाऊक असते. आटत गेलेलं पाणी आणि वाढत गेलेला करांचा बोजा, ही कारणं मात्र कुणी विचारत नाही. हेच पालीवाल वाळवंटात ‘खडीन’ बांधून, म्हणजे पावसाचं वाहून जाणारं पाणी बांधाने अडवून, त्या ओलीवर गहू काढत होते. त्या गावात पाहण्यासारखं जे आहे ते हे आहे. भुताच्या गोष्टीने ते झाकून टाकलं.

आता आपल्याकडे काय आहे ते पाहू. माझ्या मते सगळ्यात नेमका शब्द जुन्या महसुली दफ्तरात आहे: ‘बेचिराग’. फारसीत चिराग म्हणजे दिवा. ज्या गावाची जमीन, शीव, नाव सगळं कागदावर कायम आहे, पण जिथे संध्याकाळी दिवा लावायला माणूस नाही, ते बेचिराग मौजे. पंजाबपासून दख्खनपर्यंतच्या महसुली कागदांत हा शब्द चालत आला. मराठीने तो घेतला तेव्हा त्याच्या पुढे घर तयारच होतं. ‘घरात दिवा लावायला कुणी उरलं नाही’ असं आपण निर्वंश झालेल्या घराबद्दल म्हणतोच.

पुढे मराठी तोंडात ‘बेचिराग’चं ‘बेचिराख’ झालं. शेवटी ‘राख’ ऐकू येऊ लागल्यावर अर्थही तिकडे ओढला गेला. आज ‘हिरोशिमा बेचिराख झालं’ म्हणताना जळून राख झालं हाच अर्थ आपल्या मनात असतो, आणि तो आता चूक म्हणता येणार नाही. पण जमिनीच्या कागदांत ‘बेचिराख गाव’ वाचलं तर तिथे आग लागली होती असं समजू नये. तिथे फक्त वस्ती नाही. अशी गावं थोडीथोडकी नाहीत. 2011च्या जनगणनेत देशात वस्ती नसलेली चाळीस हजारांहून जास्त गावं होती, आणि त्यांतली अडीच हजारांहून जास्त एकट्या महाराष्ट्रात. विदर्भातल्या याद्यांत अशा गावाच्या नावापुढे ‘रीठ’ किंवा ‘रिठी’ लिहिलेलं दिसतं. पश्चिम महाराष्ट्रात लोक ‘जुनी पांढर’ म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या माणसं नांदलेल्या जागेची माती राखेने पांढुरकी होते, म्हणून शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पुरातत्त्वाची मंडळी गावोगाव फिरताना हीच पांढरीची टेकाडं शोधतात. घोड नदीकाठचं इनामगाव असंच सापडलं. सुमारे इसवी सनपूर्व 1600 ते 700 या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती, आणि हवामान कोरडं होत गेल्यावर ती मोडली, असं उत्खनन करणाऱ्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी मांडलं.

‘ओस’ हा शब्दही जपून वापरण्यासारखा आहे. संस्कृत ‘उद्वस’, म्हणजे जिथली वस्ती उठली आहे असं ठिकाण, त्यावरून ओस. ‘उद्ध्वस्त’शी त्याचं नातं नाही, जरी दोन्ही शब्द एकाच वाक्यात सहज येतात. उद्ध्वस्त होतात ती घरं, ओस पडतं ते गाव. एखादं शहर भिंती शाबूत असताना ओस असू शकतं, आणि पार उद्ध्वस्त झालेलं शहर माणसांनी गजबजलेलं असू शकतं. भाषांतरात या दोघांची गल्लत फार होते.

पण खरी गंमत नामांपेक्षा क्रियापदांत आहे, आणि लेखमाला करणाऱ्यांनी तिकडे लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं. इंग्रजी नाव सगळ्यांवर एकच शिक्का मारतं. मराठीत गाव ओस पडतं, उठतं, मोडतं, बुडतं. आणि कुणीतरी ते ओस पाडतं, उठवतं, मोडतं, बुडवतं. कोणतं क्रियापद घेतलं यावरून कारण कळतं, आणि कुणी केलं तेही.

नामिबियातलं कोल्मनस्कोप ओस पडलं. 1908 साली, तो मुलूख जर्मन वसाहत असताना, लोहमार्गावर वाळू उपसणाऱ्या झकारियास लेवाला या कामगाराला तिथे हिरा सापडला. त्याने तो मुकादम ऑगस्ट श्टाउखला दाखवला, आणि बघता बघता वाळवंटात जर्मन धाटणीचं टुमदार गाव उभं राहिलं. दवाखाना, नाचगाण्यांचं सभागृह, बर्फाचा कारखाना, सगळं होतं. 1928च्या सुमारास दक्षिणेला ऑरेंज नदीच्या बाजूला याहून मोठे साठे सापडले. माणसं तिकडे सरकत गेली आणि 1956पर्यंत गाव रिकामं झालं. इथे कुणी कुणाला हाकललं नाही. आज खोल्यांमधून दाराच्या निम्म्या उंचीपर्यंत वाळू साचलेली आहे. कॅलिफोर्नियातलं सोन्याचं गाव बोडी हेही असंच हळूहळू ओस पडलेलं.

जपानचं हाशिमा बेट मात्र उठलं. आपण म्हणतो ना, बाजार उठला, छावणी उठली. कामापुरती जमलेली वस्ती काम संपताच एकदम निघते, त्याला हे क्रियापद. नागासाकीजवळच्या या 6.3 हेक्टरांच्या खडकावर मित्सुबिशीने 1890 पासून समुद्राखालचा कोळसा काढला. 1959 साली तिथे 5,259 माणसं राहत होती, उंच सिमेंटच्या इमारतींमध्ये एकमेकांना खेटून. देश खनिज तेलाकडे वळला, जानेवारी 1974मध्ये खाण बंद झाली आणि एप्रिलपर्यंत बेटावर कुणी उरलं नाही. याच खाणीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोरियन आणि चिनी माणसांना सक्तीने राबवलं होतं. ‘भुताचं बेट’ म्हणून हाशिमाची चित्रं फिरतात तेव्हा त्यांचा उल्लेख बहुधा गळतो, आणि तो गळू नये.

प्रिप्यात उठलं नाही, उठवलं. चेर्नोबिलची अणुभट्टी 26 एप्रिल 1986च्या पहाटे फुटली. दुसऱ्या दिवशी दुपारी हजाराहून अधिक बसगाड्या लावून सुमारे 49,000 माणसांना शहराबाहेर काढलं. सामान थोडंच घ्या, तीन दिवसांचा प्रश्न आहे, असं त्यांना सांगितलं होतं. शहर वसवून तेव्हा सोळाच वर्षं झाली होती. याबद्दल ‘प्रिप्यातच्या नागरिकांनी स्थलांतर केलं’ असं लिहिलेलं मी वाचलं आहे आणि ते मला खटकतं. स्थलांतर पक्षी करतात, ऊसतोड कामगार करतात. त्यात जाणाऱ्याचा काही ना काही निर्णय असतो, मग तो पोटाने करायला लावलेला का असेना. इथे तो नव्हता. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातलं टाइनम हेही उठवलेलंच गाव. डिसेंबर 1943मध्ये सैन्याला सरावासाठी जागा हवी म्हणून तिथल्या 225 माणसांना घरं सोडावी लागली. निघताना चर्चच्या दारावर त्यांनी चिठ्ठी लावली: चर्च आणि घरं जपून वापरा, आम्ही एक दिवस परत येऊ. युद्ध संपलं, जमीन सैन्याकडेच राहिली.

फ्रान्समधल्या ओरादूर-स्युर-ग्लानसाठी ‘बेचिराख’ हा एकच शब्द घ्यावा, कारण त्याचे दोन्ही अर्थ तिथे खरे आहेत. 10 जून 1944 रोजी नाझी एसएसच्या तुकडीने गावच्या पुरुषांना कोठारांत नेऊन गोळ्या घातल्या, बायकामुलांना चर्चमध्ये कोंडून आग लावली आणि गाव पेटवून दिलं. 643 माणसं गेली. युद्धानंतर शेजारी नवं गाव बांधलं, पण जळकं गाव आहे तसं ठेवायचं असं द गॉल यांनी ठरवलं. इथे ‘झालं’ लिहू नये, ‘केलं’ लिहावं.

गाव ओस पाडण्याचा आणखी एक प्रकार आहे: परत कुणी वसू नये म्हणून. त्याला आपल्याकडे ‘गाढवाचा नांगर फिरवणे’ म्हणतात. सतराव्या शतकात आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुण्यावर तो फिरवल्याची आठवण आपण अजून सांगतो. सायप्रसमधल्या वारोशात नांगर नव्हता, तारेचं कुंपण होतं. फामागुस्ता शहराचा हा समुद्रकाठचा, हॉटेलांनी भरलेला भाग ऑगस्ट 1974मध्ये तुर्की सैन्य येताच ग्रीक सायप्रियट रहिवाशांनी सोडला, आणि पुढची शेहेचाळीस वर्षं त्याला कुंपण होतं. 2020च्या ऑक्टोबरात त्याचा काही भाग लोकांना फिरण्यासाठी उघडला. तुर्कस्तानातल्या कायाकोयच्या माणसांसाठी मात्र ‘परागंदा’ लिहावं. तोही फारसीतून आलेला, मूळ अर्थ विखुरलेला. 1923च्या कराराने ग्रीस आणि तुर्कस्तानने माणसांची धर्मावर अदलाबदल केली आणि या डोंगरउतारावरची ग्रीक ऑर्थोडॉक्स कुटुंबं समुद्रापार गेली.

दिव्याची कसोटी लावली की काही नावं यादीतून गळतात, हेही सांगायला हवं. पेनसिल्व्हेनियातल्या सेंट्रालियाखाली 1962 पासून कोळशाची खाण जळते आहे. 1984 साली अमेरिकी संसदेने माणसं हलवण्यासाठी 4.2 कोटी डॉलर मंजूर केले, 2002 साली टपालाचा पिनकोडही काढून घेतला. तरी मूठभर माणसांनी घर सोडलं नाही, आणि हयात असेपर्यंत राहण्याचा हक्क त्यांनी मिळवला. त्यांच्या गावाला भूतगाव म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. 1964च्या चक्रीवादळाने नेलेल्या धनुष्कोडीतही मच्छीमारांच्या झोपड्या आहेतच. उलट कॅरिबियन समुद्रातल्या माँटसेरात बेटावरचं प्लिमथ बघा. 1995 साली जागा झालेल्या ज्वालामुखीने 1997पर्यंत ते राखेखाली गाडलं, माणूस एक नाही, पण कायद्याने आजही बेटाची राजधानी तेच आहे. नाव कागदावर, दिवा नाही. महसुली अर्थाने ‘बेचिराग’ आणि आजच्या अर्थाने ‘बेचिराख’, दोन्ही. आपल्या बोलीतली ‘ओसाड गावची पाटीलकी’ इथे अक्षरशः अस्तित्वात आहे.

बुडालेल्या गावांबद्दल मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. गोव्यातलं कुर्डी साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि माणसं वाडे, वालकिणी इथे वसवली गेली. दर उन्हाळ्यात पाणी उतरतं, मे महिन्यात गाव वर येतं आणि जुने रहिवासी सोमेश्वराच्या देवळाशी जमतात. मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या, आणि पाणी ओसरलं की त्यांच्या घराचे अवशेषही दिसतात. बातम्यांत ‘कुर्डी पाण्याखाली गेलं’ असतं. धरणात गाव गेलेला माणूस ‘आमचं गाव बुडवलं’ म्हणतो. लेखमालेत त्याचं क्रियापद घ्यावं.

आता शीर्षक. ‘ओसाड’ ला माळरानाची आणि रुक्षपणाची छटा आली आहे. ‘बेचिराग’ मला सर्वांत प्रिय, पण अर्ध्या वाचकांना ते ‘बेचिराख’चं चुकीचं लेखन वाटेल. म्हणून मी ‘उठलेली गावं’ असं नाव देईन. गाव आपण उठलं असो की कुणी उठवलं असो, दोन्ही त्यात बसतं. एकच अडचण राहते ती चीनमधल्या ओर्दोसच्या कांगबाशीसारख्या शहरांची. ती बांधून तयार होती पण माणसं आली नव्हती, आणि तरी इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यांनाही घोस्ट सिटी म्हटलं. उठायला किंवा ओस पडायला आधी वसावं लागतं. ती या मालेत घेऊच नयेत. घ्यायचीच असतील तर ‘न वसलेली शहरं’ म्हणून वेगळा लेख करावा.