डोंगरातली मोकळी जमीन: ती स्वस्त का आहे, ते आधी शोधा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: डोंगरावर एक मोठा तुकडा बराच स्वस्त मिळतोय. रस्ता नाही, वीज नाही, मधून ओढा जातो आणि एका बाजूला सरकारी जंगल आहे. सुट्टीत तंबू टाकायचा, जमलं तर शिकार करायची आणि पुढेमागे लहानसं घर बांधायचं. घ्यावा का?

आधी हे तीन बेत वेगळे करा, कारण तिघांना लागणारी जमीन एक नसते. शिकारीला आडबाजूची, वर्दळ नसलेली, रानाला लागून असलेली जागा हवी. घराला नेमकं उलट हवं. आणि तंबूसाठी कित्येक ठिकाणी जमीन विकत घ्यावीच लागत नाही. नॉर्वेत १९५७ च्या आणि स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने खासगी रानातही नियम पाळून फिरायचा आणि मुक्काम करायचा हक्क सगळ्यांना आहे. अशा ठिकाणी तुम्ही मालक झालात तरी इतरांना सरसकट मज्जाव करता येत नाही.

शिकारीचं थोडक्यात सांगतो. जमीन तुमची झाली म्हणून त्यावर चरणारं हरीण तुमचं होत नाही. भारतात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हौशी शिकारीचा विषयच संपतो. अमेरिकेत स्वतःच्या जमिनीवरही त्या राज्याचे हंगाम आणि परवान्याचे नियम लागू होतात. जर्मनीत शिकारीचा हक्क जमिनीला जोडलेला आहे, पण स्वतःचं वेगळं शिकारक्षेत्र धरायला साधारण ७५ हेक्टर सलग जमीन लागते. इटलीत उलट तऱ्हा: कुंपण नसलेल्या रानात परवानाधारक शिकारी मालकाला न विचारता शिरू शकतो. तेव्हा विक्रेता 'शिकारीला उत्तम' म्हणाला, तर ती जाहिरात समजा.

आता रस्ता. माझ्या मते डोंगरी जमिनीचा निम्मा भाव इथेच ठरतो. 'आजवर सगळे त्या वाटेनेच जातात' या वाक्यावर पैसे देऊ नका. शेजाऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा वहिवाटीचा हक्क लेखी आणि नोंदवलेला हवा. तो पायवाटेपुरता आहे की गाडीचाही, बांधकामाचा ट्रक नेता येईल का, त्यातून विजेची तार आणि पाण्याची नळी टाकता येईल का, हे शब्दांत लिहिलेलं हवं. नाहीतर शेजारची जमीन विकली गेली, की नवा मालक फाटक लावतो आणि तुम्ही कोर्टात. सरकारी जंगल लागून आहे म्हणून तिकडून रस्ता मिळेल, हेही धरून चालू नका. जंगलातला रस्ता हिवाळ्यात बंद राहू शकतो, किंवा फक्त खात्याच्या गाड्यांसाठी असू शकतो.

हक्क मिळाला तरी प्रत्यक्ष रस्ता काढायचाच आहे. घराची जागा फाट्यापासून ६० मीटर उंच असेल आणि चढ १२ टक्के ठेवायचा असेल, तर ५०० मीटर रस्ता लागतो, मग सरळ रेषेत अंतर २०० मीटरच का असेना. चढ १५ टक्क्यांच्या वर गेला की ओल्या मातीत साधी गाडी घसरते. अग्निशमनाच्या गाड्यांसाठी अनेक ठिकाणी मर्यादा १० टक्क्यांच्या आसपास असते, आणि ती पाळली नाही तर बांधकामाची परवानगी किंवा विमा अडू शकतो. त्यात वळणं, मोऱ्या, कापलेल्या बाजूला आधारभिंत. हा खर्च जमिनीच्या किमतीला सहज मागे टाकतो. म्हणून घासाघीस करण्याआधी रस्त्याचा अंदाज काढून घ्या.

ओढ्याबद्दल दोन गोष्टी. एक, तो तुमच्या हद्दीतून वाहतो म्हणजे पाणी तुमचं, असं नाही. कोलोरॅडोसारख्या पश्चिम अमेरिकेतल्या राज्यांत ज्याने आधी वापर सुरू केला त्याचा हक्क आधी. काठावरचा मालक नुसता बघत बसू शकतो. दुसरी, जमीन कोरड्या हंगामाच्या अखेरीस पाहा. विक्रेता नेमका पाऊस किंवा बर्फ ओसरल्यावर बोलावतो, तेव्हा प्रत्येक घळ वाहत असते. झरा असेल तर बादली लावून मोजा. २० लिटरची बादली भरायला २० मिनिटं लागली तरी दिवसाला १,४४० लिटर होतात, आणि टाकी बांधली तर लहान घराला ते पुरतं. सांडपाण्याचंही आत्ताच बघा. पातळ माती आणि खाली कातळ असेल तर शोषखड्डा चालत नाही, आणि पाणी मुरण्याची चाचणी नापास झाली तर घराचा बेत तिथेच थांबतो.

घरासाठी जागा शोधताना सगळ्यांची नजर उतारावरच्या एखाद्या सपाट तुकड्यावर जाते. तो घळीच्या तोंडाशी असेल तर जरा थांबा. ती सपाटी बहुधा वरून वाहून आलेल्या दगडमातीनेच झालेली असते, आणि जे एकदा आलं ते पुन्हा येऊ शकतं. झाडांचे बुंधे तळाशी वाकून मग सरळ झालेले, जमिनीला आडव्या भेगा, उंचसखल फुगवटे दिसले तर उतार सरकतोय असा संशय घ्या आणि भूवैज्ञानिकाला दाखवा. बर्फाच्या प्रदेशात ३० ते ४५ अंशांचे उतार हिमस्खलनाचे. रानात वरून खाली झाडं नसलेला सरळ पट्टा दिसला तर तो का मोकळा आहे, ते विचारा.

सोंडेच्या माथ्यावर दृश्य सुंदर असतं, मान्य. पण वणवा चढावर जोरात पळतो, कारण ज्वाळा वरचं गवत आधीच तापवून ठेवतात, आणि खिंडीत तर वारा त्याला वाट करून देतो. कॅलिफोर्नियात घराभोवती १०० फुटांपर्यंत वाळलेलं गवत-झुडूप काढायचा नियम आहे. तो तुमच्याकडे नसला तरी पाळा. तेवढी मोकळी जागा हद्दीच्या आत बसते का, हे आधी मोजा.

हद्दीच्या खुणा मोबाईलवर शोधू नका. दाट झाडीत आणि घळीत तो कित्येक मीटर चुकतो. सरकारी मोजणी करून घ्या. खरेदीखतात खनिजं आणि उभी झाडं कुणाची, तेही वाचा. अमेरिकेत १९१६ च्या एका कायद्याने दिलेल्या चराऊ जमिनींची खनिजं सरकारने स्वतःकडे ठेवली होती, त्यामुळे वरचा मालक एक आणि खालचा दुसरा असा प्रकार आजही सापडतो. कर्जाचंही आधी विचारा. मोकळ्या जमिनीला बँका हात आखडता घेतात.

तुमच्या वर्णनावरून हा तुकडा तंबूसाठी ठीक वाटतो, घरासाठी शंका आहे. इसाराच्या कागदात तीन अटी घाला: वहिवाटीचा नोंदवलेला हक्क, मुरण्याची चाचणी, मोजणी. एकही पुरी झाली नाही तर इसार परत. विक्रेता यावर आढेवेढे घेऊ लागला, तर स्वस्ताईचं कारण बहुधा त्या तिघांतच आहे.