हौसेची बंदूक आणि छाटणीचा पैसा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. ऑनलाइन लिलावात एका जुन्या ठासणीच्या बंदुकीवर बोली लावली. 60,000 पासून सुरुवात झाली, मी 2,05,000 ला थांबलो आणि ती 2,10,000 ला गेली. चार दिवसांनी विक्रेत्याचा फोन आला: त्या गिऱ्हाइकाने माघार घेतली, तुमच्या बोलीला देतो. यंदाच्या मालाचे पैसे खात्यात आहेत. गुंतवणूक म्हणून घेऊ का?

उत्तर: या भावाला नको. तुम्ही बोलींचे स्क्रीनशॉट पाठवलेत हे बरं केलंत, सगळं त्यातच आहे.

95,000 पर्यंत तिसरा एक जण तुमच्याशी चढाओढ करत होता. तुम्ही एक लाख म्हटल्यावर तो गप्प झाला. मग एक नवं खातं उगवलं, आधीची एकही खरेदी नावावर नसलेलं. तुमची बोली पडली की दोन-तीन मिनिटांत त्याची पाच हजारांनी वरची, तीही दर वेळी. तो विक्रेत्याचाच माणूस होता असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, एखादा हौशीही असेल. पण खरा असो वा खोटा, आज तो गिऱ्हाईक नाही. त्याला वगळा. मग बंदूक तुम्हाला एक लाखालाच मिळाली असती. वरचे 1,05,000 तुम्ही कोणाशी झगडून चढवलेत?

लासलगावला कांद्याचा लिलाव तुम्ही पाहिला आहे. तिथे बोली लावणारा तुमच्या ट्रॅक्टरपुढे उभा असतो, चेहऱ्याने तरी ओळखीचा. तिथे व्यापारी संगनमताने भाव पाडतील ही धास्ती, इथे कुणीतरी भाव चढवेल ही. मालविक्री कायदा 1930 च्या कलम 64 नुसार विक्रेत्याने खोट्या बोलींनी भाव फुगवला तर सौदा रद्द करण्याचा हक्क खरेदीदाराला आहे. पण पैसे दिल्यावर ते सिद्ध करत बसायचं तुम्हालाच. आत्ता नुसतं नाही म्हटलं की झालं.

आता हिशेब. लिलावाच्या अटींत 15 टक्के बायर्स प्रीमियम, म्हणजे बोलीच्या वर खरेदीदाराने भरायचा आकार आहे; 2,05,000 वर तो 30,750. एकूण 2,35,750, त्यावर कर आणि वाहतूक वेगळी. उद्या विकायला काढलीत आणि 10 टक्के कमिशन गेलं, तर नुसती मुद्दल सुटायला बोली 2,62,000 च्या आसपास जायला हवी. तोवर बंदूक ना भाडं देणार, ना व्याज.

सरकारने 2025 मध्ये लंडनच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची तलवार सुमारे 47 लाखांना आणली, हे तुम्ही लिहिलंय. त्या तलवारीवर नाव आहे, इतिहास आहे. तुमच्या बंदुकीच्या दस्त्यावर फक्त ‘संस्थानी’ अशी विक्रेत्याची चिठ्ठी आहे. शिवाय शंभर वर्षांपुढची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर विकता येत नाही, म्हणून लंडनचा भाव तुमच्या कामाचा नाही.

मला खरी धास्ती वाटली ती वर्णनातल्या एका ओळीची: ‘घोडा आणि चाप उत्तम चालू.’ विक्रेत्याला ती जाहिरात वाटते. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 45 मधली पुरातन शस्त्रांची सूट दुरुस्त करूनही झाडता न येणाऱ्या शस्त्रालाच आहे. चालणारी असेल तर परवाना लागेल आणि घरात नुसती टांगून ठेवणंही गुन्हा ठरेल. पैसे देण्याआधी नाशिकला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत कागद दाखवा. विक्रेता ‘काही लागत नाही हो’ म्हणाला तर ते त्याच्याकडून लेखी मागा, सूर कसा बदलतो ते कळेल.

आणि हे पैसे मोकळे नाहीतच. ऑक्टोबरात गोडी (फळ धरायची) छाटणी, मग डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), थिनिंग (मण्यांची विरळणी), औषधं, मजुरी. दोन-अडीच लाख इथे अडकले तर तीच रक्कम कृषी सेवा केंद्राच्या उधारीवर उचलाल आणि बंदुकीचं व्याज बागेतून फेडाल.

हौस आहे, ती मला मोडायची नाही. छाटणीचा खर्च बाजूला काढून उरलेल्यातून जमत असेल आणि परवान्याचा प्रश्न सुटला असेल, तर विक्रेत्याला प्रीमियमसकट एक लाख कळवा, उत्तराला आठ दिवस द्या. त्या आठ दिवसांत तोच नग पुन्हा लिलावात दिसला तर बोली लावू नका. छाटणीचे पैसे मात्र आजच चार महिन्यांच्या मुदत ठेवीत टाका, म्हणजे फोन आला तरी हात तिकडे जाणार नाही.