काजूच्या बागेत पातेऱ्यावर (गळून पडलेल्या वाळक्या पानांवर) दोन अंडी आहेत, घरटं नाही. कुठल्या पक्ष्याची असतील?

तुम्ही लिहिलंय की बोंडं वेचताना पायाशीच एक तपकिरी पाखरू उठलं, पंखांचा आवाजही न करता थोडं पुढे जाऊन पुन्हा जमिनीवर बसलं. हा रातवाच (इंग्रजीत नाइटजार). टिटवी असती तर तिने ओरडून बाग डोक्यावर घेतली असती. शिवाय ती उघड्या सड्यावर (खडकाळ माळावर), खड्यांमध्ये, बहुतेक वेळा चार अंडी घालते. रातव्याची दोन. घरटं शोधू नका, तो बांधतच नाही. नुसत्या जमिनीवर नाहीतर पातेऱ्यावर अंडी घालतो, फिकट गुलाबीसर, त्यांवर तांबूस डाग.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. एका एप्रिलमध्ये टोपली खाली ठेवायला वाकलो, तर हातभर अंतरावरचं वाळकं पान श्वास घेत होतं. अगदी तसंच दिसलं मला. राख, माती आणि सुकलेलं पान एकत्र कालवल्यासारखा रंग, त्यावर काळ्या बारीक रेघा. डोळे मिटून नुसती फट उरलेली. चोच एवढीशी, पण तोंडाची चीर डोळ्यांच्याही मागे गेलेली आणि कडेला ताठ मिशा. या तोंडाने तो काळोखात उडता उडता पतंग, भुंगे पकडतो. मी मागे सरलो तरी तो हलला नाही. अंडी लपवायला त्याच्यापाशी स्वतःच्या अंगाशिवाय दुसरं काही नसतं, म्हणून अगदी पाय पडायची वेळ येईपर्यंत तो उठत नाही. कधी पंख मोडल्यासारखा फडफडत तुम्हाला भलतीकडे नेईल. त्याच्यामागे जाऊ नका, तिथेच पायाखाली बघा, अंडी जवळच असतात.

अंडी उचलून 'सुरक्षित' जागी ठेवायचा विचार कृपा करून सोडा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तर मनाई आहेच, पण पाखरू ती टाकून देईल ही भीती मोठी. त्या झाडाखालचा पातेरा तेवढा झाडू नका, जाळू तर अजिबात नका, आणि बिया वेचणाऱ्या बायकांना जागा दाखवून ठेवा. पाच-सहा पावलांवरच्या फांदीला चिंधी बांधली की पुरे. पिल्लं उडेपर्यंत दीडेक महिना धरून चाला. अंड्यातून निघाल्यावर ती थोडी इकडेतिकडे सरकतात, त्यामुळे जागा रिकामी दिसली तरी पाऊल जपून टाका. रोज बघायला जाऊ नका, तुमच्या मागे कुत्री येतात.

गोव्यात रातव्याचे एकाहून जास्त प्रकार आहेत. आज दिवेलागणीला लांब उभे राहून ऐका. चेंडू फरशीवर सोडल्यावर जसा भराभर टप्पे घेत थांबतो, तसा 'चक् चक् चक् चकर्रर्र' आवाज आला तर तो आपला लहान, साधा रातवा. 'चकू-चकू-चकू' असं एका तालात चालूच राहिलं तर जंगलातला, थोडा मोठा. काय ऐकलंत ते इथे लिहा.