नॅशव्हिलमध्ये अस्सल ब्लूग्रास (बँजो, मँडोलिन, गिटारवरचं अमेरिकी लोकसंगीत) कुठे ऐकायला मिळेल? गिटार नेली तर जॅममध्ये (सगळ्यांनी जमून एकत्र वाजवण्यात) बसता येईल का?

ब्रॉडवेवरचे बार सोडा, तिथे बहुतेक इलेक्ट्रिक कंट्रीच चालतं. गल्च भागातल्या स्टेशन इनला जा. १९७४ साली सुरू झालेला संगीत क्लब, रविवारी रात्री जॅम.

बसता येतं, पण कापो (गिटारच्या मानेवर लावून पट्टी चढवणारा चिमटा) हवाच. जी पट्टीचे कॉर्ड धरून कापो दुसऱ्या फ्रेटला लावला की ए पट्टी, चौथ्याला बी. बीची तयारी ठेवाच, चढ्या आवाजाच्या गायकांची ती आवडती पट्टी. बँजो असेल तर पाचवी तारही तेवढीच चढवा, नाहीतर प्रत्येक रोलमध्ये (बोटांनी ठरावीक क्रमाने तारा छेडताना) ती बेसूर टोचत राहते. कुणी गात असताना त्यावर सोलो वाजवू नका. सोलोची पाळी आली की चालीची एकच फेरी, नको असल्यास मान हलवून पुढच्याला द्या. ड्रम नसतो, ऑफबीट (मुख्य ठोक्यांच्या मधला ठोका) मँडोलिन धरतं. नवखे गिटारवाले तिथेच जोर लावून लय पळवतात.